बोलले. आता पुढे?

१० ऑक्टोबर आला की माझ्या फोनवर हिरव्या रिबिनी उगवायला लागतात. 'बोलते व्हा.' 'मन मोकळं करा.' मागच्या वर्षी आमच्या ऑफिसातही जागतिक मानसिक आरोग्य दिनाचं सेशन झालं. शेवटी प्रत्येकाला ताण घालवायला म्हणून हातात दाबायचा एक पिवळा स्माइली बॉल मिळाला. लिथियममुळे माझे हात तसेही थरथरतात, त्यामुळे माझा बॉल न दाबताच नाचत होता.

मला बायपोलर डिसऑर्डर आहे. 'सकाळी मूड छान होता, दुपारी गेला, यार मी टोटल बायपोलर आहे' असं स्टोरीत टाकतात, तो हा आजार नाही. बाविसाव्या वर्षी मी सलग नऊ रात्री जेमतेम दोन-दोन तास झोपले आणि थकवा म्हणून नव्हता. त्या नऊ दिवसांत मी कॅफे काढायचं ठरवलं, साठवलेले सगळे पैसे एका गाळ्याचं टोकन म्हणून देऊन टाकले आणि पहाटे चारला कॉलेजच्या सरांना फोन करून भागीदार व्हा म्हणाले. त्यानंतरचे चार महिने आंघोळीला उठणं हेच दिवसभराचं काम होतं. आता पाच वर्षं गोळ्या चालू आहेत, दर काही महिन्यांनी रक्तातली लिथियमची पातळी तपासायची असते, आणि बहुतेक दिवस तुमच्या दिवसांइतकेच कंटाळवाणे जातात.

तर, मी बोलले. सेशननंतरच्या आठवड्यात मॅनेजरना सगळं सांगितलं. त्यांनी फार छान ऐकलं, 'प्राउड ऑफ यू' वगैरे म्हणाले. मी एकच मागणं केलं होतं: रात्रीची शिफ्ट नको, कारण झोप मोडली की माझा आजार उसळतो. तीन आठवड्यांनी माझ्याकडून प्रोजेक्टच काढून घेतला. 'तुला स्ट्रेस नको म्हणून.' मी शिफ्ट बदलून मागितली होती, त्यांनी मलाच बदललं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे. आजारी माणसाला काम करता यावं म्हणून लागणारी वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव आहे, असं तो कायदा म्हणतो. सेशनच्या पन्नास स्लाइड्समध्ये या कायद्याचं नाव नव्हतं. दीर्घ श्वास कसा घ्यायचा यावर मात्र सहा होत्या.

मग विम्याचा एजंट. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सांगितलंय की शारीरिक आजारांना जसा विमा मिळतो, तसाच मानसिक आजारांनाही मिळाला पाहिजे. मी फॉर्मवर बायपोलर लिहायला घेतलं तेव्हा एजंट काका कळवळून म्हणाले, "अगं, झोपेचा त्रास लिही ना. कशाला उगाच?" माणूस वाईट नाही. त्याला फक्त माहितीये की कागदावर काय टिकतं. पण आजार लपवला तर उद्या त्याच कारणाने क्लेम नाकारणार. म्हणजे बोललं तरी अडकलो, नाही बोललं तरी अडकलो.

आणि लग्न. इथे तर सगळ्यांचं एकमत आहे. आई, मामा, मामाची व्याही मंडळी, सगळे सांगतात: ठरेपर्यंत बोलू नकोस. फेसबुकवर 'बोलते व्हा' शेअर करणारी माझी चुलतबहीणसुद्धा. मी चिडून हिंदू विवाह कायदा काढून वाचला. घटस्फोटाच्या कारणांमध्ये पूर्वी कुष्ठरोग होता. २०१९ साली तो काढला, आणि बरं झालं काढला. मानसिक आजार अजून तिथेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली स्किझोफ्रेनियाच्या एका खटल्यात सांगितलं होतं की नुसतं आजाराचं नाव पुरेसं नाही, तो किती तीव्र आहे ते दाखवावं लागतं. हा दिलासा खरा आहे. पण बघायला आलेल्या घरी चहाच्या कपाबरोबर बशी वाजायला लागली की न्यायालयाचा निकाल कोण वाचून दाखवणार? आणि हो, महत्त्वाची गोष्ट लपवून केलेलं लग्न फसवणूक म्हणून रद्दही होऊ शकतं. नातेवाइकांच्या सल्ल्यात ही तळटीप नसते.

माझा राग आहे तो इथे. जाहीरपणे सगळे म्हणतात बोल. ज्यांचं माझ्याशी खरोखर काही अडलेलं आहे ते सगळे म्हणतात गप्प बस. आणि व्यवहारात दुसरे बरोबर ठरतात. मग ही मोहीम नक्की कोणासाठी आहे? बोलायची सगळी जबाबदारी आजारी माणसावर, आणि ऐकणाऱ्याने टाळ्या वाजवल्या की त्याचं काम संपलं. शरम वाटणं हा आमचा दोष असल्यासारखं आम्हाला धीट करायला निघालेत. मी भित्री नव्हते हो. मी हिशेबी होते.

मग बोलूच नये का? डॉक्टरशी बोला, आज बोला. जवळ कोणी नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा झालेला असताना हिशेब करत बसू नका. माझं भांडण उपचारांशी नाही, गोळ्यांनीच मी उभी आहे. भांडण त्यांच्याशी आहे जे माझी गोष्ट मागतात आणि शिफ्ट देत नाहीत.

माझ्या आत्याला बायपोलर हा शब्द धड म्हणता येत नाही. तिने मला कधी मन मोकळं करायला सांगितलेलं नाही. एकदा ती माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आली होती. लिथियम चालू असताना पाणी कमी पडून चालत नाही, मीठ एकदम तोडायचं नाही, डोकं दुखलं म्हणून न विचारता आयब्युप्रोफेन घ्यायची नाही, कारण यांतल्या कशानेही रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते, एवढं तिने तिथे ऐकलं. घरी येऊन कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवलं.

यंदा हरतालिकेला आमच्याकडे सगळ्या जमल्या होत्या. निर्जळी उपवास, चांगला नवरा मिळावा म्हणून कुमारिकांनीही धरायचा. काकूंनी विचारलं, "हिचा आहे ना?" मी काहीतरी सबब शोधत होते. आत्या आतून तांब्या-भांडं घेऊन आली, सगळ्यांच्या देखत माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "ती पाणी पिणार आहे." मग पूजेच्या पत्री निवडायला बसली.