कलहाचे बीज घरातच

कोठे दंगल उसळली, कोठे दोन राष्ट्रे एकमेकांच्या उरावर बसली, की आपल्या सुशिक्षित कुटुंबांत हळहळ व्यक्त करण्याची एक ठरीव पद्धत पडून गेली आहे. सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्र उलगडावे, पुढाऱ्यांस नावे ठेवावीत, धर्मवेड्यांस चार शब्द सुनवावेत आणि माणुसकी उरली नाही असा निर्वाळा देऊन कचेरीची वाट धरावी, एवढ्याने आपले कर्तव्य संपले असे या वर्गास वाटते. ज्यांनी आग लावली ती माणसे कोणत्या तरी घरात वाढली, त्यांसही कोणी तरी बोट धरून चालावयास शिकविले, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. ती बोलून दाखविणे अप्रिय आहे. कारण मग दोषाचे बोट आपल्याच घराकडे वळते. तथापि आमचे स्पष्ट म्हणणे असे आहे की, समाजातील शांततेचा पाया मुलाच्या पहिल्या सहा वर्षांत घातला जातो, आणि ज्या घरांनी तो घालावयाचा त्या घरांत पुष्कळदा उलटेच बांधकाम चालू असते.

दुसरे महायुद्ध संपले त्या १९४५ सालीच युनेस्कोची घटना तयार झाली. युद्धाचा उगम माणसांच्या मनात होतो, म्हणून शांततेची तटबंदीही तेथेच उभारली पाहिजे, असा विचार तिच्या आरंभीच मांडला आहे. हा विचार आपल्याकडील व्याख्यानांतून शेकडो वेळा ऐकविला जातो; पण हे मन घडते कोठे आणि केव्हा, याचा तपास करण्याची तसदी कोणी घेत नाही. तो तपास करावयाचा तर जिनीव्हास जावयास नको. आपल्या घरातच थोडा वेळ डोळे उघडे ठेवून बसले तरी पुरे.

दीड वर्षाचे मूल धावता धावता अडखळून पडते व रडू लागते. घरातील वडील माणूस लगबगीने येते, फरशीवर दोन चापट्या मारते आणि म्हणते, 'हात् रे! हिने पाडले का आमच्या बाळाला?' मूल हसते, सर्वांस कौतुक वाटते. पण या कौतुकात त्यास कोणता धडा मिळाला? आपणांस दुखले की दोष दुसऱ्याचा असतो, आणि त्या दुसऱ्यास मार बसला की आपले दुःख हलके होते, हाच ना? तेच मूल जेवावयास कुरकुर करते, तेव्हा त्यास दाढीवाल्या बुवाची किंवा झोळीवाल्या गोसाव्याची भीती घालतात. वेषाने वा चेहऱ्याने जो आपल्याहून निराळा तो मुले पळविणारा, ही समजूत अशा रीतीने वरणभाताच्या घासाबरोबरच पोटात जाते. पुढे वीस वर्षांनी एखादी अफवा उठते आणि तोच तरुण अनोळखी माणसावर धावून जातो. तेव्हा आपण आश्चर्याने विचारतो, हे याच्या डोक्यात भरले कोणी?

याहूनही सूक्ष्म विष पुढेच आहे. घरात धुणेभांडी करावयास येणाऱ्या बाईस 'मावशी' म्हणावयाचे, असे वळण आपण मुलास मोठ्या अभिमानाने लावतो. मात्र त्या मावशीचा चहाचा कप निराळा, तो ठेवण्याची जागा निराळी, आणि ती खुर्चीवर बसली तर घरच्यांच्या कपाळास आठी. तीन वर्षांच्या मुलास व्याकरण कळत नसेल, पण हा कप कोणाचा हे त्यास बिनचूक कळते. समतेवरील निबंधास ते पुढे शाळेत बक्षीसही मिळवील. परंतु कोणत्या माणसास माणूस म्हणून हिशेबात घ्यावयाचे नाही, हे ते त्या कपाकडे पाहूनच शिकलेले असते.

हा आमच्या कल्पनेचा खेळ आहे असे कोणी म्हणू नये. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट यांच्यातील तीस वर्षांच्या रक्तपातानंतर १९९८ साली करार झाला. त्यानंतर २००२ साली तेथील तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन वर्षांच्या मुलांतही आपल्या पक्षाची निशाणे व रंग यांची ओढ दिसू लागली होती. सहा वर्षांपर्यंत सुमारे एकतृतीयांश मुले स्वतःस एका पक्षाची समजत होती, आणि शंभरांतील पंधरा दुसऱ्या पक्षाविषयी द्वेषाचे उद्गार काढीत होती. यांपैकी कोणी धर्मशास्त्र वाचले होते? त्यांस हे घराने, गल्लीने आणि मोठ्यांच्या बोलण्याने शिकविले. पुढाऱ्यांनी कागदावर सही केली म्हणून माजघरातील भांडण मिटत नाही, हा त्याचा अर्थ.

जे बिघडविता येते ते सुधारताही येते, याचेही प्रत्यंतर आहे. जमेका बेटावर किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६ च्या सुमारास कुपोषणाने वाढ खुंटलेली १२९ तान्ही मुले निवडण्यात आली. त्यांपैकी काहींच्या घरी एक साधी आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास, अशी दोन वर्षे जात असे. घरगुती वस्तूंपासून केलेली खेळणी ती नेई, आणि मुलाशी कसे बोलावे, कसे खेळावे, त्याचे कौतुक कसे करावे हे आईस दाखवी. ही मुले बावीस वर्षांची झाल्यावर पाहणी झाली, तेव्हा अशा घरांतील मुले मारामाऱ्यांत व गंभीर हिंसाचारात इतरांपेक्षा कमी गुंतलेली आढळली. ज्यांस केवळ पूरक आहार मिळाला त्यांच्यात असा टिकाऊ फरक दिसला नाही. अन्न हवेच, पण घास भरविणारा हात आणि त्याबरोबरचा शब्दही हवा, हे यावरून उघड होते.

यावर तीन आक्षेप नेहमी निघतात. पहिला असा की, युद्धे जमिनीसाठी, तेलासाठी, सत्तेसाठी होतात. तेथे बाळाच्या संगोपनाचा काय संबंध? राज्यकर्त्यांचा लोभ आणि जनतेवरील अन्याय ही युद्धाची कारणे आहेत, हे आम्हांसही मान्य आहे, आणि अन्याय कायम ठेवून गोड वाणीने शांतता येईल असे आम्ही म्हणत नाही. परंतु लोभी राज्यकर्त्यास लढाईला माणसे लागतात, आणि द्वेषाच्या हाकेस ओ देणारी माणसे एका रात्रीत तयार होत नाहीत.

दुसरा आक्षेप असा की, 'आम्हीही मार खाल्ला, आमचे काय वाईट झाले?' आमचे उत्तर एवढेच की, स्वतःच्या मुलावर हात उगारताना ज्यास काहीच वाटत नाही, त्याचे काय वाईट झाले हे त्याने दुसऱ्यास विचारावे. स्वीडनने १९७९ सालीच घरातील मारझोडीसही कायद्याने बंदी केली. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा निषिद्ध ठरविली. पण शाळेत मास्तरांनी हात लावला तर तक्रार घेऊन धावणारे कित्येक पालक घरी मात्र तो आपला जन्मसिद्ध हक्क समजतात.

तिसरा आक्षेप, असे मूल जगात दुबळे ठरेल, हा. म्हणूनच 'मार खाऊन येऊ नकोस, मारून ये' आणि 'मुलगा असून रडतोस काय?' हे आपल्या घरांतील वेदवाक्य होऊन बसले आहे. वस्तुतः क्रौर्य हे बहुधा भीतीचे अपत्य असते. ज्या मुलास आपले ऐकून घेतले जाते असा विश्वास आहे, ते अन्यायास ठामपणे नकार देऊ शकते. ज्यास केवळ दरारा ठाऊक आहे, ते बलवानापुढे वाकते आणि दुबळ्यास तुडविते.

या विचाराची परंपरा आपणांस परकी नाही. मारिया माँटेसोरी यांनी १९३२ साली जिनीव्हा येथे शांतता व शिक्षण यांवर व्याख्यान दिले आणि १९३९ साली त्या मद्रासेस आल्या. त्याच्याही पूर्वी, १९२६ साली, गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापिला होता. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभारले, आणि मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अनुताई वाघ यांनी पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत तेच व्रत चालविले. १९७५ पासून देशभर पसरलेल्या अंगणवाड्यांस नाव देणारी कल्पना ती हीच. आज मात्र अंगणवाडी ही गरिबांची खिचडीची जागा, असे समजून सुशिक्षित वर्ग तिकडे ढुंकून पाहत नाही, आणि आपल्या तीन वर्षांच्या पोरास इंग्रजी अक्षरे घोकविणाऱ्या वर्गापुढे रांगेत उभा राहतो. दुसऱ्याच्या पुढे जाण्याची घाई तेथे प्रथम शिकविली जाते. दुसऱ्याची पाळी येईपर्यंत थांबणे शिकविण्यास वेळ उरत नाही.

आणखी एक गोष्ट बजावणे आवश्यक आहे. हे सर्व ओझे आईच्या डोक्यावर टाकून पुरुषवर्गाने मोकळे होऊ नये. बाप घरात आईशी ज्या स्वरात बोलतो, तो मूल ऐकत असते. बलवानाने दुबळ्याशी कसे वागावे याचा त्याच्यापुढील पहिला नमुना तोच होय. तेव्हा पुढची दंगल उसळेल आणि वर्तमानपत्र हातात येईल, त्या सकाळी पुढाऱ्यांस नावे ठेवण्यापूर्वी प्रत्येक गृहस्थाने आपल्या स्वयंपाकघरात जाऊन मावशीचा कप कोठे ठेवला आहे तेवढे पाहावे, आणि तो आपल्या कपांच्या रांगेत आणून ठेवावा. मूल ते पाहिल्यावाचून राहणार नाही.