दात आंबतात तेव्हा...

मंडळी, परवा नातवाने संत्रं सोलून हातात दिलं. पहिलीच फाक तोंडात गेली आणि डाव्या बाजूला अशी कळ आली की डोळ्यांत पाणी! "आबा, इतकं आंबट आहे?" त्याने विचारलं. संत्रं मृगबहाराचं, चांगलं गोड होतं. खोट माझ्या दातांत होती.

पूल ओलांडून भंडाऱ्याला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी दिनक्रम विचारला. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "उठल्यावर कोमट पाण्यात निंबू पिळून पेपर वाचत अर्धा तास घोट घोट घेतो, मग लगेच खसाखसा दात घासतो. पंधरा वर्षांचा नेम आहे." ते हसले. म्हणाले, "गुरुजी, निंबू चुकलं नाही, पद्धत चुकली."

दातावरचं एनॅमल हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, जवळजवळ ९६ टक्के खनिज. पण तोंडातला सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की ते विरघळू लागतं. निंबाच्या रसाचा सामू दोन-अडीचच्या आसपास, संत्र्याचा साडेतीन-चारच्या. निंबातलं सायट्रिक आम्ल काय किंवा चिंचेतलं टार्टारिक आम्ल काय, दोन्ही एनॅमल मऊ करतात. लाळ आम्ल धुऊन टाकते आणि मऊ झालेला थर पुन्हा कठीण करू पाहते, पण तिला वेळ द्यावा लागतो. मी तो देतच नव्हतो, वर ब्रश फिरवत होतो! एनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात, त्यामुळे झिजलेलं पुन्हा उगवत नाही. खालचा थर उघडा पडला की गार, गरम, आंबट सगळंच झोंबतं.

खरं सांगू? कळ त्या दाताच्या दुखण्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची आली. वर्गात मी कित्येक वर्षं मुलांना सांगत आलो, "निंबाची साल दातांवर घासा, मोत्यासारखे चमकतील." मुलांनी ते ऐकलं असेल. मास्तरांचं कोण ऐकत नाही? आज त्यांची चाळिशी-पन्नाशी उलटली. चुकीचं शिकवलं याची कबुली वर्गात देता आली नाही, म्हणून इथे देतो.

माझं मत असं की "नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?" हे वाक्य आपण सोडून द्यावं. त्याचबरोबर संत्री-आवळे टाकून देण्याचा वेडेपणाही करू नये. हिरड्यांना लागणारं क जीवनसत्त्व त्यांच्यातच आहे. फळ जेवणासोबत किंवा एका बैठकीत खावं, दिवसभर चघळू नये. चिंचेचा गोळा गालात धरून ठेवू नये. खाऊन झालं की साध्या पाण्याने चूळ भरावी आणि ब्रश निदान अर्ध्या-एक तासाने करावा. बाटलीतली गोड-आंबट पेयं मात्र खुशाल सोडावीत. त्यांत आम्लही आहे, साखरही आहे आणि फळाचा गुण एकही नाही.

आपल्या मायबोलीत 'दात आंबणे' हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे. दात तक्रार करतात हे आजीला कळत होतं, बीए झालेल्या नातवाला सत्तरीत कळलं.

असो. आता नातू संत्रं देतो, तेव्हा पाण्याचा पेलाही सोबत आणून ठेवतो. माझे जुने विद्यार्थी हे वाचत असतील, तर त्यांनी ती निंबाची साल लोणच्यातच ठेवावी.