पावसाळ्यात घरी राहिलेली बॅटरी: छंदाच्या बोटीतली लिपो कशी ठेवायची, कशी रिकामी करायची?

गेल्या गणपतीला पावसला घरी गेलो, तेव्हा माळ्यावरच्या लाकडी पेटीत भाच्याची रिमोटवरची बोट सापडली. मे महिन्यात ती पूर्णगडच्या खाडीत रोज पळत होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात मंडळी मुंबईला परत गेली आणि बोट माळ्यावर. जायच्या आदल्या रात्री भाच्याने बॅटरी फुल चार्ज केली होती, का तर पुढच्या वेळी आल्या आल्या चालवता यावी. तीन महिन्यांनी तीच बॅटरी उशीसारखी फुगलेली होती. खाली आजी झोपते.

मी सॉफ्टवेअरवाला, पण कॉलेजात रोबोटिक्सच्या नादात अशा बऱ्याच बॅटऱ्या हाताळल्यात. मल्टिमीटर लावला. तीन सेलपैकी दोन ४.१ व्होल्टच्या आसपास, तिसरा ३.८६. म्हणजे एक सेल आतून खराब झालाय आणि बाकीचे दोन अजून जवळपास भरलेले. फुगलेली बॅटरी म्हणजे ‘गेलेली’ बॅटरी असं आपण धरून चालतो. ही गेलेली नव्हती, चांगली भरलेली होती.

हे आत्ता लिहायचं कारण फक्त आमची बोट नाही. ९ जानेवारी २०२५ पासून राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने बेकायदा मासेमारीवर ड्रोनने नजर ठेवायला सुरुवात केली. त्यासाठी निवडलेल्या ठिकाणांत आपल्या जिल्ह्यातली मिरकरवाडा आणि साखरीनाटे ही दोन बंदरं आहेत. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली, १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्यासाठी. ड्रोन आला की त्याच्या बॅटऱ्या आल्या, आणि दोन-तीन वर्षांनी त्या जुन्या होणारच. उडवायचं कसं याचं प्रशिक्षण मिळतं. जुनी बॅटरी गावातून जाणार कुठे, हा प्रश्न मात्र आमच्या माळ्यावर होता तसाच तिथेही येणार आहे.

लिपो म्हणजे नेमकं काय?

लिथियम पॉलिमर, म्हणजेच लिपो, ही मोबाइलमधल्या लिथियम-आयन बॅटरीची सख्खी बहीण. रसायन जवळपास तेच. छंदाच्या लिपोचे सेल ॲल्युमिनियमच्या पातळ पाकिटात असतात, त्यांना धातूचं कडक कवच नसतं. आणि मोबाइलच्या बॅटरीत जास्त चार्जिंग किंवा शॉर्ट झालं तर वीज तोडणारं सर्किट असतं, ते बहुतेक छंदाच्या लिपोत नसतं. राखण करायची ती चार्जरने आणि आपण.

आमचा पॅक ‘थ्री-एस २२०० एमएएच’, म्हणजे तीन सेल ओळीने जोडलेले, ११.१ व्होल्ट. २.२ गुणिले ११.१ म्हणजे साधारण २४ वॅट-अवर. एवढ्या विजेत पाव लिटर पाणी उकळीला येईल. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सेल पेटला तर ही वीज नुसती काडी ओढायचं काम करते, जळतो तो आतला ज्वलनशील द्रव. शिवाय धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात.

ही अतिशयोक्ती नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला. सात वर्षांचा मुलगा भाजला आणि पुढे रुग्णालयात गेला. त्या वर्षी देशभरात ई-स्कूटरला आगी लागल्यावर सरकारने वाहनांच्या बॅटऱ्यांसाठीचे एआयएस-१५६ हे नियम कडक केले, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. पण ते वाहनांसाठी. मुलाच्या बोटीतला पॅक त्यात येत नाही.

ठेवताना तीन आकडे लक्षात ठेवा

४.२ व्होल्ट म्हणजे सेल पूर्ण भरलेला. या अवस्थेत महिनोन्महिने ठेवला, त्यात कोकणातला उकाडा, की आतला द्रव हळूहळू विघटित होतो आणि वायू तयार होतो. पॅक फुगतो तो यामुळे.

३ व्होल्ट म्हणजे तळ. त्याच्या बरंच खाली सेल गेला तर आतलं तांबं विरघळायला लागतं. पुन्हा चार्ज करताना तेच तांबं नको तिथे जमतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणून ‘एकदम रिकामी करून ठेवू’ हाही उपाय नाही. बोट मंदावली की बाहेर काढायची, शेवटच्या थेंबापर्यंत पळवायची नाही.

३.८ ते ३.८५ व्होल्ट म्हणजे साठवणुकीची जागा, साधारण अर्धी भरलेली. थ्री-एस पॅकला एकूण ११.४ ते ११.५५. बॅलन्स चार्जरमध्ये ‘स्टोरेज’ नावाचा मोड असतो, तो यासाठीच. स्वस्त चार्जर साधारण ५ वॅटने डिस्चार्ज करतात, म्हणजे आमचा भरलेला पॅक अर्ध्यावर यायला दोन-अडीच तास लागतात. घाई असेल तर बोटच खाडीत दहा मिनिटं फिरवा.

आणि ठेवायची जागा? माळा नको, कपाट नको, जिन्याखाली तर नकोच. पडवीत चिऱ्याच्या कट्ट्यावर, लाकूड-कापडापासून लांब, सावलीत. पत्र्याचा डबा चालेल, पण झाकण घट्ट बसणारं नको, नाहीतर आत दाब साठतो. कनेक्टरवर टेप हवाच, कारण डबा धातूचा आहे.

मिठाच्या पाण्याचा सल्ला

फुगलेला पॅक अंगणात आणला तेव्हा शेजारचे काका म्हणाले, ‘अरे, मिठाच्या पाण्यात टाक दोन दिवस. खाडी तर इथेच आहे.’ हा सल्ला जगभर दिला जातो. अडचण अशी की खारं पाणी आधी सेलच्या बारीक धातूच्या पट्ट्या खातं. पट्ट्या तुटल्या की वीज बाहेर यायचा रस्ताच बंद. वरून सगळं गंजलेलं दिसतं, आपण म्हणतो मेली, आणि आत सेल भरलेलाच. आता तर मल्टिमीटर लावायलाही जागा नाही. शिवाय पाकिट फुटलं तर आतलं रसायन त्या पाण्यात. खाडीत बुडवणं तर विचारातही नको.

बोटवाल्यांसाठी आणखी एक: चालवताना बोटीत खारं पाणी शिरून बॅटरी भिजली, तर पुसून लगेच चार्जिंगला लावू नका. कनेक्शन सोडवा, घरापासून लांब ठेवा, निदान एक दिवस लक्ष ठेवा.

मग आम्ही काय केलं?

गाडीच्या पार्किंग लाइटचा १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब घेतला. तारेचा जुना बल्बच हवा. एलईडी नको, कारण व्होल्टेज खाली गेलं की एलईडी वीज घेणंच थांबवतो. बल्ब ०.४ अँपिअरच्या आसपास वीज घेतो, म्हणजे भरलेला पॅक उतरायला साडेपाच तास तरी लागतात. मुद्दाम हळू, कारण एक सेल आधीच कमजोर आहे आणि जोर लावला तर तो तापतो. घरापासून लांब, पत्र्याच्या शेडखाली, चिऱ्यावर ठेवला. पाण्याची बादली शेजारी, मुलं घरात. बल्ब विझल्यावरही दोन दिवस तसाच जोडलेला ठेवला, कारण लगेच काढला तर व्होल्टेज पुन्हा थोडं वर येतं. तिन्ही सेल शून्याजवळ आल्यावर टोकांना टेप लावली. अशा पॅकला पुन्हा कधीही चार्ज करायचं नाही.

पॅक गरम लागत असेल, फाटलेला असेल, सुस्कारल्यासारखा आवाज किंवा गोडसर वास येत असेल, तर यातलं काहीही करू नका. लांब व्हा आणि त्याला उघड्यावर एकटं सोडा. घरात पेटलाच तर धुरातून माणसं बाहेर काढा आणि ११२ ला फोन करा.

नियम आहे, रस्ता नाही

ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आणले. आकार, वजन, रसायन काहीही असो, सगळ्या बॅटऱ्या त्यात येतात. ग्राहकाने जुनी बॅटरी इतर कचऱ्यात मिसळायची नाही, गोळा करणाऱ्या किंवा पुनर्वापर करणाऱ्या संस्थेला द्यायची. परत घ्यायची जबाबदारी उत्पादकाची, आणि आयात करून विकणाराही त्यात मोडतो.

कागदावर छान आहे. आमच्या पॅकवर मात्र आयात करणाऱ्याचं नावच नव्हतं. भंगारवाला म्हणाला, ‘इन्व्हर्टरची असेल तर द्या.’ बरोबर आहे त्याचं, शिशाला भाव आहे, या पाकिटाला नाही. शेवटी रिकामा केलेला पॅक मी गाडीतून पुण्याला आणला आणि ई-कचरा केंद्रात दिला. प्रत्येक माणूस एका बॅटरीसाठी एवढं करणार नाही. तो ती कचऱ्यात टाकेल, आणि कचरा पेटवला जातो तिथे ती पेटेल.

मोठा खर्च लागत नाही यावर. सरकार ड्रोन देतंय, तर पुरवठादाराच्या करारातच जुन्या बॅटऱ्या परत नेण्याची अट घालता येईल. त्याच फेरीत बंदरावर किंवा ग्रामपंचायतीत ठेवलेल्या डब्यातले मोबाइलचे, बोटींचे, खेळण्यांचे पॅकही जातील.

तोवर आपल्या हातात एवढंच आहे. १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर काढल्या जातात. तेव्हाच घरातल्या बोटीचीही बॅटरी काढा, ३.८ वर आणा, टेप लावा, पडवीत ठेवा. भाच्याला हे सगळं सांगितलं, तर त्याचा प्रश्न, ‘मामा, मग आल्या आल्या बोट चालवता नाही येणार?’ नाही येणार. तासभर चार्ज करावी लागेल, आणि तो तासभर तिच्याजवळ बसावंही लागेल.