खंडेनवमी आणि शिडी

१८ मे २०२५ च्या पहाटे सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील टॉवेल कारखान्याला आग लागून ८ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा कारखान्यांतील सुरक्षिततेची चर्चा सर्वत्र झाली. ती व्हायलाच हवी होती. मात्र शिडीवरून पडून कंबर मोडलेल्या कामगाराची बातमी कधी होत नाही. ‘पाय घसरला’ एवढ्या दोन शब्दांत प्रकरण मिटते.

सोलापुरी चादरीवर नक्षी उमटवणारे जेकार्ड मागाच्या डोक्यावर, उंच चौकटीवर बसवलेले असते. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ बदलायची किंवा तुटलेली दोरी सांधायची, तर वर चढणे अपरिहार्य. तुळयांवरील तूस झाडायला आणि पावसाळ्यापूर्वी पत्रे दुरुस्त करायलाही शिडीच लागते. शिवाय मजुरी बहुधा उत्पादनावर. माग थांबला की मजुरी थांबली. मग शिडी धरायला दुसरा माणूस कोण बोलावणार? घाई ही बेपर्वाई नसते, ती पोटाची निकड असते. हा गडी सहा महिने अंथरुणाला खिळला, की सारे घर पत्नीने वळलेल्या विड्यांवर येते.

उंचीवरच्या कामासाठी कठडा वा अन्य संरक्षण हवे, असे १९४८ च्या कारखाना कायद्याचे ३२ वे कलम सांगत होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. परंतु तिच्यातही विजेवर चालणारा कारखाना म्हणजे सामान्यतः किमान २० कामगारांचा. चार-सहा मागांच्या शेडमध्ये निरीक्षक फिरकण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. तिथे मालकानेच लक्ष घातले पाहिजे. अनेक मालक स्वतः मागावर उभे राहून मोठे झालेले; वर चढणे म्हणजे काय, हे त्यांना शिकवावे लागू नये!

करायचे ते फार खर्चिकही नाही. चार फूट उंचीमागे शिडीचा पाय एक फूट बाहेर, छपरावर चढायचे तर वरचे टोक छपराच्या कडेपेक्षा तीन फूट उंच, खाली धरायला माणूस, माग बंद आणि त्या वेळेची मजुरी चालू. यातली शेवटची अट मालकांना जड जाईल, पण बाकीच्या साऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत.

खंडेनवमीला आपण मागाला झेंडूची माळ घालतो. कोपऱ्यातल्या शिडीकडे मात्र कोणी पाहत नाही. येत्या नवमीला हळदकुंकू लावण्यापूर्वी तिची प्रत्येक पायरी हाताने हलवून पाहावी. तडा दिसला तर तार गुंडाळून ती पुन्हा भिंतीशी उभी करू नये. तिथेच तोडून टाकावी.