बीकॉमनंतर एमए सायकॉलॉजी? करा, पण आधी सीझनचं कॅलेंडर बघा

मागच्या व्हिडिओत एक प्रश्न घाईत उरकला, तो इथे नीट घेतो.

कल्याणच्या बॅचमधली एक ताई. बीकॉम झालेली, आईसोबत पोळी-भाजी केंद्र चालवते. तिला एमए करायचंय, तेही सायकॉलॉजीत. घरचे म्हणतात, "कॉमर्सवाल्याने कॉमर्समध्येच पुढे जावं, नाहीतर तीन वर्षं वाया."

वाया-बिया काही जात नाही हो. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सुटली, पण ड्रॉइंग सुटलं नाही. त्याच जोरावर व्हीजेटीआयमध्ये मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवलं. 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान, पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर.

नियमांचा बाऊ करू नका. एमबीएला कुठलीही पदवी चालते, इग्नूच्या एमए सायकॉलॉजीलाही, 2025 मध्ये दूरशिक्षणातले सायकॉलॉजीचे नवे प्रवेश बंद होईपर्यंत, चालायची. यूजीसीच्या 2025 च्या नियमांत तर प्रवेश परीक्षा पास झालात की पदवीचा विषय वेगळा असला तरी एमएचा रस्ता मोकळा ठेवलाय. फक्त त्या-त्या विद्यापीठाची अट वाचूनच फॉर्म भरा.

आता माझं. मी बीबीए, डोंबिवलीत स्टेशनरीचं दुकान, आणि हाच कोर्स केलाय. रात्री साडेदहाला शटर खाली, मग पुस्तक. इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबरात. आणि जूनमध्ये काय असतं? शाळा उघडतात! वह्या, कव्हरं, दप्तरं. पहिल्या वर्षी हुशारी करून जूनचे चार पेपर भरले. दोन दिले, दोन बुडाले, आणि दिले त्या दिवशी दुकानातून किती गिऱ्हाईक परत गेलं ते बायकोने नंतर ऐकवलं. पुढचं सगळं डिसेंबरात. दोन वर्षांच्या कोर्सला मला साडेतीन लागली. कमाल मुदत चार वर्षांची, म्हणून वाचलो.

गल्ला वाढला का? खरं सांगतो, एमएमुळे नाही. पण गिऱ्हाइकासमोर पोरांना झापणं बंद झालं. आधी वर्षाला दोन पोरं सोडून जायची. आत्ताचा मुलगा चार वर्षं टिकलाय.

ताई, एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात ठेवा. नुसतं एमए करून क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पाटी लावता येत नाही, त्याला रिहॅबिलिटेशन काउन्सिलची मान्यता असलेलं वेगळं शिक्षण आणि नोंदणी लागते. आणि पोळ्या लाटायचा कंटाळा आलाय म्हणून एमए करत असाल, तर ते आईला स्पष्ट सांगा. तिने पुढच्या दोन वर्षांचा धंदा तुमच्या भरवशावर धरलाय.

तसं नसेल तर बिनधास्त करा. प्रॅक्टिकलच्या दिवशी कणीक कोण मळणार, एवढं आजच ठरवून टाका.