भारहीनतेचें कौतुक पुरे!

अंतराळांत तरंगणाऱ्या मनुष्याचें कौतुक आपल्याकडे फार होतें. त्या तरंगण्याची किंमत मात्र कोणी विचारीत नाहीं. २०२५ सालीं शुभांशु शुक्ल आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकांत राहून आले. त्यांची तरंगतीं छायाचित्रें घरोघर पाहिलीं गेलीं. स्नायूंच्या क्षयाविषयीं त्यांनीं तेथें केलेला प्रयोग किती जणांच्या स्मरणांत आहे?

भारहीन अवस्थेंत कंबर व पाय यांच्या हाडांची घनता दरमहा शेंकडा १ ते १॥ घटते, स्नायू झिजतात, शरीरांतील द्रव डोक्याकडे सरून कित्येकांची दृष्टि बिघडते. यावर रोज सुमारें दोन तास व्यायाम केला कीं पुरे, कृत्रिम गुरुत्वाचा खटाटोप कशास, असें कांहीं विद्वान म्हणतात. हें मत आम्हांस मान्य नाहीं. व्यायामानें झीज मंदावते, सर्वस्वी थांबत नाहीं; आणि डोक्याकडे चढलेला द्रव दंडबैठकांनीं उतरत नाहीं. पृथ्वीवर परतलेल्या वीरास उचलून नेण्यास माणसें सज्ज असतात. अनेक महिन्यांच्या प्रवासानंतर मंगळावर उतरणारास हात देण्यास कोण उभें असेल?

कृत्रिम गुरुत्वाचें तत्त्व गूढ नाहीं. जनाबाईच्या या गंगाखेडांत तें जात्यावरूनच सांगतां येईल : मध्यें घातलेलें धान्य फिरतां फिरतां कडेकडे सरतें. यान फिरूं लागलें म्हणजे आंतील मनुष्यहि तसाच बाहेरच्या भिंतीकडे दाबला जातो, आणि ती भिंत त्याची भूमि होते.

यान वेगानें फिरल्यास भोंवळ येते, हा आक्षेप खरा आहे. मिनिटास दोनच फेरे घ्यावयाचे तर पृथ्वीइतक्या भारासाठीं सुमारें २२४ मीटर त्रिज्या लागते. चार फेऱ्यांस ५६ मीटर पुरतात. परंतु त्यासाठीं अजस्र चक्रच उभारलें पाहिजे असें नाहीं. दोन यानें दोरानें बांधून फिरवितां येतात, हें जेमिनी ११ नें १९६६ सालींच दाखविलें. भार मात्र अत्यल्प निर्माण झाला. १९७७ सालीं कॉसमॉस ९३६ मध्यें फिरत्या यंत्रांतील उंदरांची झीज कमी दिसली. पुढें आंतरराष्ट्रीय स्थानकासाठीं जपानांत तयार होत असलेला अशाच यंत्राचा कक्ष २००५ सालीं रद्द झाला. म्हणजे उपाय निष्फळ ठरला म्हणून सोडलेला नाहीं. त्याची पुरती परीक्षाच झालेली नाहीं.

२०३५ पर्यंत स्वतःचें अंतराळ स्थानक उभारण्याचा संकल्प भारतानें सोडला आहे. त्यांत प्रथम प्राण्यांपुरतें तरी फिरतें यंत्र असावें, अशी आमची मागणी आहे. खर्चाचें निमित्त आम्हांस नको. जो देश आपल्या तरुणांस आकाशांत धाडतो, त्यानें त्यांच्या हाडांचा हिशेब आधीं मांडला पाहिजे. सत्काराचे हार मागाहून.