ओसरीवरून : निकालापूर्वींचा महिना

वैशाखाचें ऊन अंगणांत रखरखत असतें, माळ्यावर आंब्यांची अढी घातलेली असते, आणि घरांतील एखादें मूल उगाच या खोलींतून त्या खोलींत फिरत असतें. काय झालें म्हणून विचारावें तर 'कांहीं नाहीं' असें उत्तर येतें. फेब्रुवारी-मार्चांत परीक्षा होऊन गेलेली असते, निकाल मे महिन्यांत लागावयाचा असतो. मधला हा काळ धड सुटीचा नसतो आणि धड कामाचाही नसतो. आमच्या घरीं यंदा असे दोन जीव आहेत. थोरल्या पुतण्याची मुलगी आणि धाकट्याचा मुलगा हीं दोघेंही एकाच वर्षीं बारावीच्या परीक्षेस बसलीं. एका पंक्तीस जेवणारीं आणि एका दिव्याखालीं अभ्यास केलेलीं हीं मुलें. निकालाच्या दिवशीं पेढे किती आणावयाचे याची वाटाघाट स्वयंपाकघरांत आतांपासूनच सुरू झाली आहे. ती कानीं पडली आणि पन्नास वर्षांपूर्वींची एक गोष्ट माझ्या मनांत वर आली. ती सांगण्यापूर्वीं, मास्तरकीच्या जुन्या खोडीस अनुसरून, वाचकांनीं मला एका शब्दाविषयीं चार वाक्यें बोलूं द्यावीं.

'उत्तीर्ण' हा शब्द 'तॄ' म्हणजे तरणें या धातूस 'उद्' हा उपसर्ग लागून झाला आहे. जो तरून पलीकडच्या तीरास लागला तो उत्तीर्ण. मग अनुत्तीर्ण कोण? जो अद्याप पलीकडे गेला नाहीं तो. तो बुडाला असें हा शब्द कोठेंही म्हणत नाहीं. तो अलीकडच्या कांठावर उभा आहे, आणि नाव पुन्हा येणार आहे, एवढाच त्याचा अर्थ. याच्या उलट 'निकाल' हा शब्द आपण कचेरींतून उचलला. तेथें निकाल लागला म्हणजे खटला संपतो. शाळेच्या निकालानें वस्तुतः कांहींच संपत नाहीं. परंतु शब्दाचा गुण मनास लागतो, आणि मूल त्या दिवसाकडे आरोपीच्या दृष्टीनें पाहूं लागतें.

आतां गोष्ट. १९७६ सालीं मी आणि माझा चुलतभाऊ असे दोघे दहावीस होतों. शाळेचें अकरावें वर्ष जाऊन दहावीची नवी परीक्षा आदल्याच वर्षीं, म्हणजे १९७५ मध्यें, सुरू झाली होती. त्या काळीं उत्तीर्ण झालेल्यांचे क्रमांक वर्तमानपत्रांत छापून येत. आमचें गांव दक्षिण कोंकणांत. वर्तमानपत्र दुपारच्या एस. टी.नें येई. वडिलांनीं पान पसरलें, चष्मा पुसला, आणि आकड्यांच्या रांगांवरून बोट फिरवूं लागले. माझा क्रमांक सांपडला. भावाचा सांपडला नाहीं. त्यांनीं पुन्हा वरपासून पाहिलें, मग काकांनीं पाहिलें. कोणी कांहीं बोललें नाहीं.

आईनें माझ्या हातांत पेढ्यांचें तबक दिलें. देवापुढें ठेवून झाल्यावर सर्वांस देऊन ये, म्हणाली. सर्वांस म्हणजे सर्वांस, असें समजून मी गोठ्याच्या दाराशीं उभ्या असलेल्या भावापुढेंही तबक धरलें. त्यानें एक पेढा उचलला, "छान झालें," एवढें म्हणाला, आणि वळून गेला.

रात्रीं त्याचें अंथरूण रिकामें होतें. काका कंदील घेऊन बाहेर पडले. तो विहिरीच्या कठड्यावर बसलेला सांपडला. काकांनीं त्यास हांक मारली नाहीं कीं दरडावलें नाहीं. कंदील खालीं ठेवला आणि त्याच्या शेजारीं बसले. पहांटेपर्यंत दोघे तसेच बसून होते. उजाडल्यावर काका म्हणाले, "चल, आज नांगराला एक माणूस कमी आहे." सकाळीं पाणी ओढावयास गेलों तेव्हां कठड्यावर तो पेढा मीं पाहिला. त्यास मुंग्या लागल्या होत्या.

पुढें ऑक्टोबरांत तो पुन्हा परीक्षेस बसला आणि उत्तीर्ण झाला. यंत्रांत त्याचा हात चांगला चाले. एका कारखान्यांत तो शिकाऊ म्हणून लागला आणि वरच्या जागेवरून सन्मानानें निवृत्त झाला. आणि मी? मला गुण चांगले पडले होते. परंतु घरांत महाविद्यालयाच्या खर्चाची सोय नव्हती. मीं अध्यापनाची पदविका घेतली, शास्त्रीबुवांपाशीं संस्कृत केलें, आणि जन्मभर शाळेंत शिकविलें. विद्यापीठाच्या पायऱ्या मी विद्यार्थी म्हणून कधीं चढलों नाहीं. त्या दिवशीं ज्याच्या नांवाचे पेढे वाटले गेले, तो शालान्त परीक्षेपुढें गेला नाहीं. वर्तमानपत्रांतल्या त्या पानावरून आम्हां दोघांचेंही आयुष्य कोणास वाचतां आलें नसतें.

कांहीं वर्षांपूर्वीं एका लग्नकार्यांत आम्ही दोघे शेजारीं बसलों असतां मीं धीर करून तो विषय काढला. तो म्हणाला, "तुझा राग कधींच नव्हता रे. पण त्या दिवशीं घरांत मुलें दोन होतीं आणि पेढा एकाचाच होता." थोड्या वेळानें म्हणाला, "बाबा रात्रभर बसले, म्हणून मी आज येथें बसलों आहें." मी पस्तीस-छत्तीस वर्षें शिक्षक होतों; परंतु शिक्षणावरचें याहून मोठें व्याख्यान माझ्या ऐकण्यांत नाहीं.

आतां हल्लींच्या स्थितीकडे वळूं. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्यें स्थापन झालें आणि त्याची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ मध्यें झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडींत उत्तीर्ण झालेले. पुढें १८६२ मध्यें जे चौघे पहिले बी. ए. झाले त्यांतही हे दोघे होते. त्या परीक्षेस मॅट्रिक्युलेशन म्हणत, म्हणजे विद्यापीठाच्या नोंदवहींत नांव दाखल होणें. शाळा संपल्याची खूण आणि विद्यापीठाचें दार या दोन्ही गोष्टी तेव्हां एकच होत्या. १९४९ पासून एस. एस. सी.ची परीक्षा स्वतंत्र मंडळाकडे गेली, आणि १९६६ पासून महाराष्ट्राचें राज्य मंडळ आलें. आज त्याचीं नऊ विभागीय मंडळें आहेत.

परिणाम असा कीं शाळेची खूण वेगळी आणि दार वेगळें झालें आहे. अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणशास्त्र हवें असेल तर राज्याची सीईटी, वैद्यकीसाठीं नीट, आणि २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमांसाठीं सीयूईटी. आमच्या काळीं मुलास एक निकाल सोसावा लागे. आजच्या मुलास दोन-तीन सोसावे लागतात. बारावींत उत्तम गुण मिळवूनही सीईटींत मागें पडलेलें मूल घरोघर असतें, आणि 'इतके गुण असून असें कसें?' हा प्रश्न त्यास दहा तोंडांनीं विचारला जातो. विचारणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं या दोन निरनिराळ्या परीक्षा आहेत. एकींत लिहून दाखवावें लागतें, दुसरींत ठरलेल्या मिनिटांत चार पर्यायांतून एक निवडावा लागतो.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. जुन्या मॅट्रिकांत नापास होणारे पुष्कळ असत. त्यामुळें नापास मुलास सोबत मिळे. २०२५ मध्यें राज्यांत बारावीचा निकाल शेंकडा ९१.८८ लागला आणि दहावीचा ९४.१०. ही आनंदाची गोष्ट आहे. पण जेथें शंभरांतील ब्याण्णव पलीकडे जातात तेथें कांठावर राहिलेले आठ पूर्वींपेक्षां अधिक एकटे असतात. त्यांच्यासाठीं नाव लवकर परत येते, हें घरांत सर्वांस आधीं माहीत असावें. गुणपडताळणीसाठीं अर्ज करतां येतो, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागतां येते, आणि ती पाहून पुनर्मूल्यांकनही मागतां येतें. या सर्वांच्या मुदती थोड्या दिवसांच्या असतात, म्हणून शोक करण्यांत त्या दवडूं नयेत. पुरवणी परीक्षा आतां ऑक्टोबराची वाट पाहत नाहीं. २०२५ मध्यें ती जून-जुलैंतच झाली. दहावींत एक-दोन विषय राहिले तरी अकरावीस बसण्याची सवलत आहे. ही माहिती निकालाच्या दिवशीं घाईनें शोधण्यापेक्षां आतांच एका कागदावर लिहून भिंतीस लावावी. परंतु कोणा एकाच्या नांवानें नव्हे.

ज्यांचीं मुलें अकरावीस जाणार आहेत त्यांनीं हेंही जाणून असावें कीं २०२५ पासून सबंध राज्यांत अकरावीचा प्रवेश एकाच केंद्रीय पद्धतीनें, संगणकावर अर्ज भरून होऊं लागला. पूर्वीं ही पद्धत कांहीं मोठ्या शहरांपुरती होती. तेथें महाविद्यालयांच्या पसंतीचा क्रम लावावयाचा असतो, आणि येथेंच घरांतील वडीलधाऱ्यांचा हात शिवशिवतो.

माझाही शिवशिवला. आमच्या नातीचें मन भूशास्त्रावर आहे. घाटांतील खडक पाहून आल्यापासून ती त्याचेंच वाचते. मीं मात्र मनांत तिला केव्हांच अभियांत्रिकींत बसविलें होतें, आणि एकदोघां पाहुण्यांस तसें सांगूनही टाकलें होतें. परवां ती संभाव्य महाविद्यालयांची यादी घेऊन माझ्याजवळ आली. मी लेखणी उघडून पहिला आंकडा घालूं लागलों, तोंच ती हंसून म्हणाली, "आजोबा, क्रम मी लावीन. तुम्ही शुद्धलेखन तपासा." मीं निमूटपणें शुद्धलेखन तपासलें. दोन ठिकाणीं ऱ्हस्वदीर्घ चुकलें होतें.

रात्रीं विचार केला तेव्हां वाटलें, ती योग्यच बोलली. संस्कृतांत 'पदवी' या शब्दाचा पहिला अर्थ मार्ग, वाट असा आहे. मान आणि किताब हा अर्थ मागून चिकटला. ज्यानें चालावयाचें त्यानेंच वाट निवडावी. पोटापाण्याचें काय होईल, खर्च किती येईल, वसतिगृह मिळेल कीं नाहीं, हें सर्व वडिलांनीं मोकळेपणानें मुलापुढें मांडावें. तें लपविणें हा अन्यायच. माझ्या वडिलांनीं मला खर्चाची अडचण स्पष्ट सांगितली होती, म्हणून आज माझ्या मनांत त्यांच्याविषयीं किल्मिष नाहीं. पण सारें मांडून झाल्यावर लेखणी ज्याची त्याच्या हातांत द्यावी. शिवाय आतां वाट पूर्वींइतकी अरुंद राहिली नाहीं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें एक, दोन, तीन आणि चार वर्षांचे टप्पे सुचविले आहेत. मध्येंच थांबावें लागलें तरी केलेलें शिक्षण पदरांत पडावें आणि पुढें परत येतां यावें, अशी त्यांतील योजना आहे.

शेवटीं एक गोष्ट, जी लिहितांना हात जड होतो. निकालाच्या आगेंमागें जें मूल एकाएकीं गप्प होतें, जेवण टाकतें, आवडत्या वस्तू इतरांस देऊं लागतें, त्यास एकटें सोडूं नये. उपदेश करूं नये, थोर पुरुष कसे नापास झाले त्याच्या कथाही सांगूं नयेत; त्या वेळीं त्या कानांत शिरत नाहींत. शेजारीं बसावें. काकांनीं तेवढेंच केलें होतें. आणि 'जगणें नकोसें झालें आहे काय?' असें सरळ विचारावयास भिऊं नये. घरांत हें पेलेनासें वाटलें तर शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनि-सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रींअपरात्रींही बोलतां येतें. वैद्यास बोलावण्यांत जशी लाज नाहीं, तशी यांतही नसावी.

ही सारी हकीकत परवां मीं घरांत प्रथमच सांगितली. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग आमच्या थोरल्या सूनबाई म्हणाल्या, "मग पेढे नकोतच. निकालाच्या आदल्या दिवशीं पुरण घालूं. दोघांनीं वर्षभर अभ्यास केला, त्याचें." ठराव एकमतानें संमत झाला. मुलगा एवढेंच म्हणाला, "कटाची आमटी झणझणीत करा."

त्या दोघांचा निकाल काय लागला हें विचारणारीं पत्रें येतील, हें मी जाणून आहें. पण तें मी पुढील अंकीं लिहिणार नाहीं. सांगावयाचें असेल तर तीं दोघें सांगतील. पुरण कसें झालें होतें, तें मात्र अवश्य कळवीन.